दर गुरुवारी तीन वाजता

धुलाईघरात तिला सगळे वहिनी म्हणत. बारा वर्षांपूर्वी तिच्या दिराने तिला इथे चिकटवलं, पहिला आठवडाभर ‘वहिनी, हे बघा, वहिनी, ते बघा’ करत मशिनी दाखवल्या आणि वर्षभरात तो स्वतः दुसरीकडे निघून गेला. हाक मात्र मागे राहिली. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले बॉयलरवाले मामासुद्धा तिला वहिनीच म्हणत, आणि आता ती सकाळच्या शिफ्टची प्रमुख होती तरी छातीवरच्या पाटीवरचं नाव वाचून हाक मारणारं कुणी नव्हतं.

तीन रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे हिरवे गाऊन तिथे धुतले जात. मळके कपडे मागच्या दाराने येत, धुऊन, वाळून, घडी होऊन पुढच्या दाराने जात. मधे होता तो इस्त्रीचा मोठा रोलर. दोघी बायका दोन टोकांना उभ्या राहून ओलसर चादर त्यात सरकवत आणि ती पलीकडे कडक होऊन बाहेर पडे. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. बोटं फार पुढे गेली तर ती दांडीला लागत आणि रोलर जागच्या जागी थांबे.

एका मंगळवारी तो थांबला नाही.

हात आत गेला तो धाकटीचा. तिची मोठी बहीण पूर्वी इथेच होती म्हणून ही धाकटी, वय तसं पस्तीस. वहिनी चार पावलांवर होती. तिनेच धावत जाऊन लाल बटण दाबलं. त्यानंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवे: वाफेचा वास, धाकटीचं एकदम गप्प होणं, आणि अर्धी आत गेलेली चादर.

हे एवढंच असतं तर वहिनीने स्वतःला कसंबसं सावरलं असतं. पण दांडी अडकते हे तिला आधीच्या शुक्रवारपासून माहीत होतं. दोनदा दाबावी लागत होती. तिने साहेबांना त्यांच्या खोलीच्या दारातून सांगितलंही होतं. साहेब म्हणजे इथले व्यवस्थापक, पन्नाशीचा, उंच, किंचित वाकून चालणारा माणूस. फोन कानाला लावलेला तसाच ठेवून ते म्हणाले होते, “सोमवारी मेकॅनिक येतोय. तोवर जरा सांभाळून चालवा.” सोमवारी मेकॅनिक आला नाही. आणि मशिनींच्या नोंदवहीत तिने काहीच लिहिलं नव्हतं.

बुधवारी, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, सगळे जेवायला गेले असताना तिने नोंदवही उघडली आणि शुक्रवारच्या रकान्यात लिहिलं, ‘रोलरची दांडी अडकते. साहेबांना कळवले.’ लिहिलं ते खरंच होतं. फक्त लिहिलं त्या दिवशी बुधवार होता, आणि पेन निळं होतं. त्या पानावरचं बाकी सगळं काळ्या शाईत होतं, हे वही मिटल्यावर तिच्या लक्षात आलं.

तिथून तिच्या डोक्यात किडा शिरला.

साहेबांनी शुक्रवारी सकाळी सगळ्यांना घडीच्या टेबलाभोवती बोलावलं. दरवेळी अशा प्रसंगी वरची माणसं काय बोलतात ते सगळ्यांना पाठ होतं. हिंमत ठेवा, आपण एक कुटुंब आहोत, कामाकडे लक्ष द्या. साहेब त्यातलं काहीच बोलले नाहीत.

“मला जे माहीत आहे तेवढं सांगतो,” ते म्हणाले. “धाकटीवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. बोटं राहतील, किती हलतील ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. चौकशी पुढच्या महिन्यात होईल. तोवर रोलर बंद. कुणावर कारवाई होईल का, मला माहीत नाही. माहीत नसताना काळजी करू नका असं म्हणणार नाही. माझं म्हणाल तर मला झोप लागत नाहीये. जेवण जात नाही. म्हणून मी काही गोष्टी ठरवल्यात. सहा वाजले की घरी जाणार. दुपारी जेवायच्या सुट्टीत बाहेर एक चक्कर मारणार. आणि दर गुरुवारी तीन ते चार मी इथे नसेन. एका बाईंशी बोलायला जातो. अशा वेळी माणसांशी बोलणं हेच त्यांचं काम आहे. तुमच्यापैकी कुणाला आठवड्यातून असा एक तास हवा असेल तर फळ्यावर लिहा आणि जा. कुठे जाता ते मी विचारणार नाही, हजेरी कापणार नाही.”

साहेब खोलीत गेल्यावर मामा हळूच म्हणाले, “मन मोकळं करायला घरात बायको असते. तास ठरवून कोण जातं?”

“आणि फळ्यावर लिहायचं म्हणे,” घडीवालीने भर घातली. “म्हणजे कोण कोण खचलंय त्याची आयती यादी.”

वहिनीला त्यांचं म्हणणं पटलं. बारा वर्षांत ज्या माणसाने स्वतःला साधी सर्दी झाल्याचं कबूल केलं नव्हतं, तो अचानक सगळ्यांसमोर झोप लागत नाही म्हणतो? पाणी कुठेतरी मुरत होतं. आधी आपण कमकुवत असल्याचं दाखवायचं, समोरच्याला बोलतं करायचं, आणि तो बोलला की कागदावर उतरवायचं. फळ्यावर महिनाभर एकही नाव पडलं नाही. फक्त साहेबांचं, दर गुरुवारी, त्यांच्याच तिरप्या अक्षरात.

पुढच्या सोमवारी साहेबांनी नोंदवही मागवली. वहिनीनेच ती नेऊन दिली आणि उगाच दाराशी रेंगाळली. साहेबांनी पानं उलटली. त्या शुक्रवारच्या पानावर त्यांचा अंगठा थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली.

“वहिनी, तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मी ठणठणीत आहे.”

“मी नाहीये,” साहेब म्हणाले, आणि तिच्याकडे बघत राहिले.

ती वही छातीशी धरून बाहेर आली. बघितलं त्यांनी. निळी शाई बघितली आणि बोलले नाहीत. जो बोलत नाही तो राखून ठेवतो.

मग ती पहारा दिल्यासारखी वागू लागली. नोंदवहीच्या पानापानाचे फोटो तिने मोबाइलवर काढून ठेवले. सगळ्यांबरोबर जेवणं सोडलं. जेवताना तोंडून काय निसटेल सांगता येत नाही. शिफ्ट संपली तरी ती थांबे, साहेबांच्या खोलीत कोण जातं, किती वेळ बसतं, बाहेर पडताना चेहरा कसा असतो ते बघे. साहेब सहाच्या ठोक्याला पिशवी उचलून निघत. जाताना म्हणत, “वहिनी, तुमची वेळ तीन तासांपूर्वीच संपली. घरी जा.” तिला ऐकू येई, निघा इथून.

एकदा कपड्यांचा ट्रक उशिरा आला आणि साहेब चालकावर असे कडाडले की गाऊन मोजणारी बाई मोजणी विसरली. अर्ध्या तासाने ते परत आले. चालक मागच्या दाराशी बसला होता. साहेब सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “ट्रक उशिरा आला हे खरं, पण माझा राग त्याचा नव्हता. तुमच्यावर निघाला, चुकलं माझं.” चालक इतका गोंधळला की त्याने उलट साहेबांचीच माफी मागितली.

“नाटक कंपनी काढावी यांनी,” मामा पुटपुटले. वहिनी मनात म्हणाली, साक्षीदार गोळा करतोय हा माणूस.

घरीही तिचा तोच खाक्या. नवरा बस दुरुस्तीच्या डेपोत होता, बोलायला कमी आणि बोलला तर तिरकस. तिने त्याला गुरुवारचं सगळं सांगितलं.

“दातांच्या डॉक्टरकडे जात असेल,” तो म्हणाला.

“दर गुरुवारी?”

“दात बत्तीस असतात.”

तिला हसू आलं नाही. आतल्या खोलीत मुलगी अभ्यास करत होती. वहिनीने आत जाऊन विनाकारण तिचं दप्तर उचलून पाहिलं. चौदा वर्षांची ती पोर वहीतून मान वर न करता म्हणाली, “आई, तू हल्ली माझ्याकडे अशी बघतेस जणू मी काहीतरी चोरलंय.”

चौथ्या गुरुवारी वहिनीने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. कारण लिहिलं, घरचं काम. तीनला दहा मिनिटं असताना ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती. साहेब बाहेर पडले, हातात पिशवी, नेहमीसारखे किंचित वाकून. ती पन्नास पावलं अंतर ठेवून मागे निघाली. आयुष्यात तिने कुणाचा असा पाठलाग केला नव्हता. दोनदा ती दुकानाच्या काचेत उगाच बघत राहिली, आणि दुसऱ्या वेळी ते दुकान पुरुषांच्या बुटांचं निघालं.

साहेब एका तीन मजली इमारतीत शिरले. खाली चाव्या बनवणारा. जिन्याशी पाट्या. तिने पहिल्या दोनच वाचल्या: पहिला मजला, दातांचा दवाखाना. पहिला मजला, वकील, श्रीमती अमुक अमुक.

एका बाईंशी बोलायला जातो. बरोबर.

तिथेच जिन्याच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. म्हणजे हा माणूस चार आठवडे वकिलाकडे जाऊन बसतोय, आणि आपल्याला सांगतोय मनाचं दुखणं. चौकशीत काय होणार हे तिला लख्ख दिसलं. शिफ्टप्रमुख ती. मशीन तिच्या ताब्यात. आणि वर खोटी नोंद. घरी जाताना तिने ठरवून टाकलं: आपण नोंदीला चिकटून राहायचं. शुक्रवारी लिहिलं म्हणजे शुक्रवारीच लिहिलं. मग बघू कोण कुणाला बुडवतं.

चौकशीचा अधिकारी बाहेरून आला होता. बारीक अंगाचा, सावकाश बोलणारा, समोर टोक केलेल्या तीन पेन्सिली ओळीने ठेवणारा. जेवायच्या खोलीतली टेबलं सरकवून त्याची बसायची सोय केली होती. वहिनीला अकरा वाजता बोलावलं.

“तुमच्या व्यवस्थापकांचा जबाब आधी वाचून दाखवतो,” तो म्हणाला. “अपघातानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आणून दिला.” आणि त्याने एकसुरी आवाजात वाचलं: “शुक्रवारी शिफ्टप्रमुखांनी मला दांडी अडकत असल्याचे तोंडी सांगितले. मी फोनवर होतो आणि मशीन चालू ठेवायला सांगितले. ते थांबवण्याचा अधिकार माझा होता. मी तो वापरला नाही. शिफ्टप्रमुखांनी माझ्या सांगण्यावरून काम केले.”

वहिनीला वाटलं, तो चुकीचा कागद वाचतोय.

“आता अडचण अशी,” अधिकाऱ्याने नोंदवही पुढे सरकवली. “ते तोंडी म्हणतात. इथे तर लेखी आहे. लेखी तक्रार असून त्यांनी ती दडवली, असा याचा अर्थ होतो. तुम्हीच सांगा. ही नोंद कधीची?”

खोलीत पंखा कुरकुरत होता. वहिनीने त्या निळ्या ओळीकडे पाहिलं. महिनाभर ज्याची भीती होती ते नेमकं उलटं होऊन तिच्या समोर येऊन बसलं होतं. एक शब्द, ‘शुक्रवारची’, आणि साहेब गेले. आणि त्यातही तिच्या मनाने चटकन विचारलं, हा सापळा तर नाही? दोघांनी मिळून रचलेला? तिने अधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो पेन्सिलीचं टोक तपासत होता. त्याला कशाचीच घाई नव्हती.

“बुधवारी लिहिली,” ती म्हणाली. “अपघात झाल्यावर. त्यांना सांगितलं होतं शुक्रवारीच, पण तोंडी. लिहिलं नव्हतं. भीती वाटली म्हणून नंतर लिहिलं.”

“हे मला नोंदवावं लागेल.”

“नोंदवा.”

तिथून ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. ती बसली नाही.

“तुम्ही ते पान पाहिलं होतं.”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “खरं सांगू? मला बरेच दिवस वाटत होतं की तुम्ही मला अडकवताय. तुम्ही उशिरापर्यंत थांबायचात, माझ्या दाराकडे बघायचात. माझा तुमच्यावरचा विश्वासच उडाला होता. मी ते त्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, सरळ विचारा. पण मी पानाबद्दल विचारायला बिचकलो. वही तुम्ही पुढच्या खेपेला आणाल तेव्हा विचारू, पुढच्या आठवड्यात विचारू, असं करत महिना काढला. मेकॅनिकच्या बाबतीत केलं तेच.”

“तरी जबाब बदलला नाहीत.”

“जबाब खरा होता. तो कशाला बदलू?”

वहिनीने ओठ दाबले. विचारू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. “त्या बाई म्हणजे वकीलबाई ना?”

“वकील पहिल्या मजल्यावर. मी दुसऱ्या मजल्यावर जातो.” मग ते एकदम थांबले. “तुम्हाला कसं माहीत तिथे वकील आहे?”

“मागे आले होते,” वहिनी म्हणाली. “तुमच्या मागे. गुरुवारी.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग ते हसले, पोट धरून नाही, पण खांदे हलेपर्यंत. महिन्यात पहिल्यांदा. वहिनीला हसता आलं नाही. ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं, आणि साहेबांनी उठून दार लोटून घेतलं नाही की तिला उगी उगी केलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि तिचं होईपर्यंत बसून राहिले.

“धाकटीला भेटलात का?” तिने डोळे पुसल्यावर त्यांनी विचारलं.

ती भेटली नव्हती. रोज वेगळं कारण सापडत होतं.

त्या दिवशी तिने फळ्यावर खडूने लिहिलं, ‘वहिनी, एक तास’. मामा बघत होते. त्यांनी भुवया वर केल्या. “तुम्हीसुद्धा?”

“लिहा यादीत,” ती म्हणाली आणि निघाली.

धाकटी घरी खिडकीशी बसली होती, हात उशीवर, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. वहिनीने वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

“मला वाटलं तुम्ही रागावलात माझ्यावर,” धाकटीच म्हणाली. “मी हात फार पुढे घातला म्हणून.”

“वेडी आहेस का तू?” वहिनी तिच्याजवळ बसली. “दांडी अडकते हे मला माहीत होतं. शुक्रवारपासून. मी तुला सांगितलं नाही.”

धाकटीने हाताखालची उशी नीट केली. “साहेबांनीही हेच सांगितलं. पहिल्याच दिवशी आले. म्हणाले, चूक माझी, तुझी नाही. मग रडायला लागले. मी काय करणार, मीच त्यांना समजावायला लागले. तर डोळे पुसून म्हणाले, नाही, हे तू नाही सांभाळायचं, यासाठी मी दुसरीकडे जाईन. त्यानंतर येतात ते नीट येतात. बसतात, डॉक्टर काय म्हणाले विचारतात, जातात.” ती वहिनीकडे वळली. “तुमच्यावर राग येतोय मला. आत्ताच आला. आधी नव्हता.”

“येऊ दे.”

“तुम्ही परत याल ना पण?”

“येईन. तू राग धरून बस, मी येते.”

निकाल यायला आणखी दोन महिने गेले. साहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बढती थांबली. वहिनीलाही नोंदीबद्दल ताकीद मिळाली, ती तिने घरी नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “अक्षर चांगलं आहे टाइप करणाऱ्याचं,” आणि ती हसली. रोलरला नवी दांडी बसली, आणि नियम झाला की मशीन थांबवायला कुणाला कुणाची परवानगी लागणार नाही. पहिल्या आठवड्यात घडीवालीने रोलर चारदा थांबवला, एकदा फक्त डास बसला म्हणून, आणि कुणी तिला बोललं नाही. फळ्यावर आता तीन-चार नावं असत. मामांचं नव्हतं. ते अजूनही म्हणत की यात काहीतरी आहे. वहिनीचा स्वभावही काही पालटला नाही. साहेब कुणाशी दार लावून बोलले की तिची मान अजून वळे. फरक एवढाच की आता ती जाऊन विचारी, काय चाललंय, आणि साहेब सांगण्यासारखं असलं तर सांगत, नसलं तर तसं सांगत.

धाकटी परतली तेव्हा तिला मोजणीच्या टेबलावर बसवलं. तीन बोटं वळत होती, दोन नाही. अभ्रे डाव्या हाताने मोजायला ती पटकन शिकली. दहाएक दिवसांनी, दुपारी काम जरा सैल असताना, ती उठून वहिनीजवळ आली.

“मला रोलरपाशी उभं राहून बघायचंय. काम नाही करायचं. नुसतं उभं राहायचं.”

वहिनीने रोलरवरच्या दोघींना थांबायला सांगितलं. मशीन बंद झालं, पण अजून गरम होतं, वर वाफ तरंगत होती. त्या दोघी चार पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. धाकटीने वहिनीचा दंड धरला. तिचा श्वास जोरात चालला होता. आणखी एक पाऊल ती पुढे गेली, मग तिथेच थांबली.

“आज नको,” ती म्हणाली.

“बरं,” वहिनी म्हणाली, आणि दोघी मोजणीच्या टेबलाकडे परत वळल्या.